तीन लाखांचा माल भरू नकोस, आधी टाकीवर चढ

काका म्हणून विचारलंस, म्हणून मीपण सरळ तू म्हणतोय. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं राजेंद्र नगरला इलेक्ट्रिकचं छोटं दुकान, तू आयटीआय केलेला, हाताशी पाच लाख. एक कंपनीवाला मागे लागलाय की स्मार्ट स्विच, कॅमेरे, डिजिटल लॉक यांची इंदूरची एजन्सी घे, तीन लाखांचा माल आधी उचल, हे मार्केट आता थांबणारच नाही. घ्यावी का?

नको घेऊस. मार्केट वाढतंय हे तो खोटं सांगत नाहीये, पण ते वाढतंय म्हणजे तुझ्या गोडाऊनमधला माल विकला जाणार असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजून मी स्वतः हात पोळून घेतलेत.

मी २००२ पासून या लाइनीत आहे. आधी इंटरकॉम आणि व्हिडिओ डोअर फोन, मग कोॲक्स केबलचे कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, आणि २०१८ पासून हे मोबाइलवरून चालणारं सगळं. एवढ्या वर्षांत काय बदललं ते आधी समजून घे, नाहीतर उद्या काय बदलणार हे कळायचं नाही. २०१४ ला शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ नावाची चिप आली, वायफाय आणि डोकं एकाच चिपमध्ये आणि तेही एवढ्या कमी भावात की कुठल्याही प्लगमध्ये, बल्बमध्ये टाकायला परवडावी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आपल्या इथे डेटा मोजून वापरायची सवय गेली, मागोमाग घराघरात फायबर. २०१७ च्या शेवटी ॲमेझॉनचा, ॲलेक्सा म्हणून हाक मारली की ऐकणारा इको स्पीकर भारतात आला, २०१८ च्या एप्रिलमध्ये गूगल होम आणि २०१९ ला ॲलेक्सा हिंदी बोलायला लागली. एवढं सगळं जमल्यावर मार्केट वाढलं नसतं तरच नवल! पण बघ, यातली एकही गोष्ट दुकानदारामुळे झाली नाही. चिप स्वस्त, डेटा स्वस्त, आणि माल ऑनलाइन. गिऱ्हाईक तुझ्या काउंटरवर उभं राहून खिशातून फोन काढतं, तोच स्मार्ट प्लग ऑनलाइन तुझ्या खरेदीपेक्षा कमी भावात दाखवतं आणि म्हणतं, भिया, थोडं लावून घ्या ना. सेलच्या दिवसांत तर विचारूच नकोस. महारानी रोडवरचे मोठे होलसेलवालेसुद्धा हा माल हात राखूनच भरतात, तुझ्या-माझ्यासारख्याची काय कथा.

आता माझी गोष्ट ऐक. २०१९ मध्ये मी एका कंपनीचे ६० स्मार्ट प्लग आणि ४० बल्ब उचलले, कंपनीचं नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. भाव चांगला होता, ॲप चांगलं होतं. दीड वर्षात ॲप अपडेट होणं बंद, मग लॉगिन बंद. ते सगळे प्लग त्या कंपनीच्या सर्व्हरला विचारूनच चालू-बंद व्हायचे, सर्व्हर गेला तसा प्लगचा नुसता डबा झाला. बारा-तेरा घरांतून फोन आले आणि शिव्या कंपनीला नाही, मला पडल्या, कारण कंपनीचा चेहरा त्यांनी कधी बघितलाच नव्हता, माझा बघितला होता. आठ घरांत मी खिशातून दुसरे लावून दिले. आणि हे फक्त किरकोळ कंपन्यांचं होतं असं समजू नकोस. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा ३०० डॉलरचा हब, म्हणजे घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तू एकत्र जोडणारा डबा, होता, गूगलच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि २०१६ ला तो हब चक्क बंद करून टाकला. इन्स्टिऑन तर जुनी नावाजलेली कंपनी, एप्रिल २०२२ मध्ये काही न सांगता सर्व्हर बंद, लोकांना सकाळी उठल्यावर कळलं की ॲप चालत नाहीये. म्हणून माल घेताना मी आता एकच प्रश्न आधी विचारतो की नेट बंद असताना हे घरातल्या घरात चालतं का. राउटरची बाहेर जाणारी वायर काढ आणि मग ॲपवरून लाइट लावून दाखव म्हण, एजन्सीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

याच रोगावर औषध म्हणून ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग वगैरे मंडळींनी मिळून मॅटर नावाचं स्टँडर्ड काढलं, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ची. त्यात वस्तू घरातल्या नेटवर्कवरच बोलतात, आणि एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये घेता येतो. कल्पना उत्तम आहे, पण आपल्याकडे लागणाऱ्या, बटणांच्या बोर्डामागे बसवायच्या मॉड्यूलमध्ये (जुनं बटण मोबाइलवरूनही चालवणारी छोटी डबी) मला ते अजून हवं तेवढं दिसत नाही, म्हणून नवीन माल घेताना डब्यावर त्याची खूण आहे का ते बघ आणि नसलेला तीन लाखांचा माल तर मुळीच भरू नकोस, तो तुझ्याकडे पडून पडून शिळा होईल.

मग पैसा कुठे आहे? तुला वाटत असेल निपानिया, बिचोली मर्दाना, सुपर कॉरिडॉरकडच्या नवीन टाउनशिपमध्ये. तिथे आहे, पण तिथे बिल्डरचा ठेकेदार असतो, तो भाव पाडतो आणि पेमेंट सहा-सहा महिने लटकवतो, तुझ्या पाच लाखांत ते झेपणार नाही, विषय संपला.

माझं निम्म्याहून जास्त काम रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तुमचं राजेंद्र नगर इथल्या जुन्या घरांत आहे. आई-बाबा सत्तरीचे, घर दुमजली, खाली दोघंच, मुलगा पुण्याला नाहीतर बंगलोरला, मुलगी अमेरिकेत. फोन मुलाचा येतो. तो यूट्यूब बघून बसलेला असतो, त्याला रंगीत बल्ब पाहिजेत, पडदे आपोआप सरकायला पाहिजेत, दाराला बोटाने उघडणारं लॉक पाहिजे. तू त्याच्याशी बोलून ऑर्डर घेतलीस की फसलास, कारण पैसे देणारा पुण्यात आहे आणि वापरणारी इंदुरात, आणि तिला यातलं काहीच नको असतं. तिला काय पाहिजे ते तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिताना कळतं. टाकी भरून वाहू नये. रात्री बाथरूमला जाताना अंधारात पाय घसरू नये. दुपारी बेल वाजली तर गुडघे दुखत असताना उठून कोण आहे ते बघायला लागू नये. या तीन गोष्टी तू नीट करून दिल्यास की ती बाई शेजारच्या चार घरी तुझं नाव सांगते, अख्ख्या भिशी मंडळात सांगते, तुला पाटी लावायचीसुद्धा गरज नाही.

एका घरी मुलाने सगळे बल्बच स्मार्ट मागवले होते, बारा. आजींची सवय ही की खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, आयुष्यभराची सवय, लाइटचं बिल वाचवायची. बटण बंद झालं की बल्बला करंटच नाही, मग मुलगा पुण्याहून ॲप उघडतो आणि बारापैकी अकरा बल्ब ऑफलाइन. आजींनी बटण बंद करू नये म्हणून मुलाने बटणांवर चिकटपट्ट्या लावायला सांगितल्या!! मी ते बल्ब काढून साधे एलईडी लावले आणि बोर्डाच्या मागे मॉड्यूल बसवलं, म्हणजे भिंतीवरचं जुनं बटण जसंच्या तसं चालतं आणि वरून मोबाइललापण चालतं. भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे, नेट असो नसो, ॲप असो नसो. बल्ब आपण विकायचेच नाहीत असं नाही, टेबल लॅम्पला किंवा दिवाळीच्या सजावटीला दे, पण खोलीच्या मेन लाइटला नको.

त्याच आजींना स्पीकर मात्र आवडला. घरात त्या मराठी बोलतात, आणि ॲलेक्साला मराठी येत नाही, (फोनवरच्या गूगल असिस्टंटला २०१८ पासून येतं, पण आजी फोनला हात लावत नाहीत). आपण इंदूरवाले, हिंदी सगळ्यांनाच येते, तर त्या स्पीकरशी जुन्या कामवाल्या बाईशी बोलावं तशा हिंदीत बोलतात. मी देवघराच्या दिव्याला नाव दिलं होतं देवघर, ते त्याला कधी कळायचं कधी नाही, मग मंदिर केलं, तेव्हापासून बरोबर ऐकतो. हे नाव ठेवण्याचं काम फालतू वाटतं पण अर्धा तास त्याच्यावर घालव, घरातली माणसं जो शब्द वापरतात तोच पाहिजे. आणि त्यांचं सगळ्यात आवडतं काय झालं सांगू? तिन्हीसांजेला अंगणातली आणि तुळशीजवळची लाइट आपोआप लागते. टायमर लावायचा नाही, सूर्यास्तावर लावायचं, ॲपमध्ये इंदूरचं लोकेशन दिलं की ते रोजची वेळ स्वतः काढतं, कारण आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी पावणेसहाच्या आत दिवस मावळतो आणि जून-जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असतो, साधा टायमर वर्षातून चार वेळा बदलत बसायला लागतो.

आता टाकी. हा विषय मी जरा लांबवणार आहे कारण माझी निम्मी कमाई त्यावरच आहे आणि कुठलाच एजन्सीवाला त्याच्याबद्दल बोलत नाही. आपलं नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंप होऊन येतं, आणि बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं. म्हणजे प्रत्येक घरात खाली हौद, वर टाकी, बाजूला बोअरिंग, आणि एक माणूस ज्याचं काम पाणी आलं का ते बघणं. म्हातारी माणसं पहाटे उठून हेच करतात. इथे ऑटोमेशन लावलंस तर ते चैनीचं खेळणं वाटत नाही, पहिल्याच दिवशी पटतं.

करायचं काय तर वरच्या टाकीत पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेलं आणि हौदात पाणी आहे, अशा दोन्ही अटी जुळल्या तरच मोटर चालू व्हायला पाहिजे, टाकी भरली की बंद, आणि काही झालं तरी चाळीस मिनिटांच्या वर नाही. ही चाळीस मिनिटांची अट विसरू नकोस, सेन्सर कधी ना कधी खोटं बोलतोच. सेन्सरचं सांगतो. बाजारात मिळणारे स्वस्त किट असतात त्यात पाण्यात नुसत्या तारा सोडलेल्या असतात आणि त्यातून सतत डीसी करंट जातो, त्याने तार गंजते, खाल्ली जाते, आणि आपल्या बोअरिंगच्या जड पाण्याचा क्षार तिच्यावर चढतो, सहा महिन्यांत खेळ खल्लास. वरून आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर दिसायला भारी, पण मे महिन्यात काळ्या टाकीत पाणी तापतं, झाकणाखाली वाफेचे थेंब धरतात आणि तो रिकाम्या टाकीला भरलेली सांगतो. मी फिरून फिरून साध्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोट स्विचवर आलोय, एक वर एक खाली, आणि हुशारी सगळी खालच्या कंट्रोलरमध्ये. टाकीपासून खालपर्यंत जमलं तर चार कोरची केबल ओढ, वायफायच्या भरवशावर राहू नकोस, तीन स्लॅब पार करून सिग्नल येत नाही. केबल शक्यच नसेल तर लोरा म्हणून रेडिओ मॉड्यूल येतात, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, हा पट्टा आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतो आणि स्लॅबमधून वायफायपेक्षा चांगला जातो.

आणि मोटर थेट स्मार्ट स्विचला जोडायची नाही. कधीच नाही. डब्यावर १६ अँपियर लिहिलेलं असतं, तू म्हणशील एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, सहा-सात अँपियर घेईल, आरामात चालेल. चालू असताना घेईल रे, पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि त्या ठिणगीने रिलेचे, म्हणजे आतल्या छोट्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटतात. माझ्याकडून झालंय हे, दुसऱ्या कोणाची चूक नाही. स्कीम नंबर ७८ मधल्या एका घरी रिले चिकटली, ॲपमध्ये मोटर बंद दिसतेय आणि प्रत्यक्षात चालू, घरचे लग्नाला उज्जैनला. टाकी तीन तास वाहिली, शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आली, पेंटचा खर्च मी दिला. तेव्हापासून नियम असा की स्मार्ट रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा करंट झेलणारा मोठा स्विच) कॉइल चालवायची आणि मोटरचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाणार. सबमर्सिबल असेल तर तिच्या पॅनलच्या स्टार्ट-स्टॉपमध्ये जोडायचं. वर एक करंट मोजणारी सीटी टाक, मोटर कोरडी चालली की तिचा करंट पडतो, तो पडला की तीस सेकंदात बंद. एवढं केलंस तर वर्षाला निदान एक मोटर जळायची वाचते, गिऱ्हाइकाला त्याचं मोल बरोबर कळतं. एक मात्र, नर्मदेच्या लाइनीलाच टुल्लू पंप लावून तो पाणी आल्याबरोबर आपोआप चालू करून द्या अशी मागणी येते, ते काम करायचं नाही, आपल्या ओढण्याने गल्लीतल्या शेवटच्या घराला थेंबही मिळत नाही, आणि नियमातही बसत नाही.

वायरिंगचं थोडं. स्मार्ट मॉड्यूलला जिवंत राहायला न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, लागतो. आपल्या बोर्डात बहुतेक प्लग असतो त्यामुळे न्यूट्रल सापडतो, पण जुन्या घरांत जिन्याचा, बाथरूमबाहेरचा नुसत्या बटणांचा बोर्ड असतो तिथे फक्त फेज फिरवलेली असते. बिनन्यूट्रलची मॉड्यूल येतात, ती बल्बमधूनच थोडा करंट घेतात, मग रात्री बंद एलईडी मंद जळत राहतो आणि काकू फोन करतात की लाइटमध्ये भूत आहे. त्याच्यापेक्षा एक न्यूट्रल ओढ. दुसरं जे पुस्तकात सापडणार नाही ते म्हणजे इन्व्हर्टर. एकाच बोर्डात दोन फेज असतात, एक मेनची, एक इन्व्हर्टरची, आणि तुमच्या आधीच्या मिस्त्रीने दोन्हींना एकाच रंगाची वायर वापरलेली असते. मॉड्यूल उघडायच्या आधी मेन बंद करून टेस्टर लाव, कुठली वायर अजून जिवंत आहे ते बघ आणि तिच्यावर लाल टेप गुंडाळ. हे न बघता हात घातला तर... समजलास. फॅनसाठी ट्रायकवाला डिमर नको, पंखा गुणगुणतो आणि म्हाताऱ्या माणसांची झोप आधीच हलकी असते, कपॅसिटरच्या स्टेपवालं मॉड्यूल घे. एसीला रिलेने तोडायचं नाही, त्याला रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर द्यायचा.

बचतीचं गाजर दाखवून माल विकू नकोस, ही माझी विनंती समज. कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं की विजेचं बिल एवढे टक्के कमी. हिशोब कर. एक स्मार्ट मॉड्यूल नुसतं बसून साधारण एक वॅट खातं, घरात बारा बसवलीस तर बारा वॅट, चोवीस तास, महिन्याला साडेआठ युनिटच्या वर गेली नुसती वाट बघण्यात. गीझर विसरला तरी थर्मोस्टॅट त्याला तोडतोच, त्यामुळे तिथेही ते म्हणतात तेवढं वाचत नाही. खरी बचत पाहिजे तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा विक, जुना पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास, बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट एका पंख्यामागे, आणि आता जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे तर गिऱ्हाइकाला डब्यावर दाखवतापण येतं. फक्त त्याला जुना रेग्युलेटर ठेवायचा नाही, काढून टाकायचा. दुकानात ठेवायचाच असेल तर हा माल ठेव.

वायफाय म्हणजे रोजची कटकट. यातल्या बहुतेक वस्तू २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, फोन ५ वर बसलेला असतो, जोडणी होत नाही आणि माणूस म्हणतो माल खराब आहे. नेटवाल्याने फुकट दिलेला राउटर दहा-पंधरा वस्तूंनंतर दम टाकायला लागतो. वस्तूंसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड ठेव आणि तो नातवाला सांगू नकोस. दिवाळीत नातू आला, त्याने राउटरचं नाव बदलून स्वतःचं ठेवलं, आणि एका घरच्या तेवीस वस्तू एका मिनिटात मेल्या, भाऊबीजेच्या दिवशी मी तिथे चार तास. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनीवर घे, आणि मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये लाइट जाऊन आल्यावर काय करायचं ते बघ, नाहीतर रात्री तीनला लाइट येते आणि घरातले सगळे दिवे एकदम लागतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तुझ्यावर दुसऱ्याची इज्जत सोपवलेली असते हे डोक्यात ठेव. २०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस आला होता, त्याने काय केलं तर कंपनीतून येतात ते साठेक ठरलेले पासवर्ड एकेक करून लावून बघितले आणि लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले, त्या ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास पाडल्या. कारण काय, तर लावणाऱ्या मिस्त्रीने पासवर्ड बदलला नव्हता. मी स्वतः त्या काळात सगळीकडे एकच पासवर्ड ठेवायचो, लक्षात राहावा म्हणून, आज आठवलं की घाम फुटतो. आता एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सिक्युरिटीची लॅबमधली तपासणी सक्तीची केली आहे, त्याशिवाय नवा माल विकायला नको, म्हणून तो एजन्सीवाला तुला जो कॅमेऱ्यांचा लॉट देतोय त्याचं सर्टिफिकेट आधी माग. मला संशय आहे की जुना स्टॉक तुझ्या गळ्यात मारतोय. आणि घराच्या आत कॅमेरा लावायला सांगितला तर आधी घरातल्या बाईला विचार, मुलाला नाही. बैठकीत एकवेळ ठीक, पण आईवर लक्ष ठेवायला म्हणून बेडरूममध्ये मागतात, मी नाही म्हणतो, त्याऐवजी दाराला आणि बाथरूमच्या वाटेला मोशन सेन्सर देतो, सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघराच्या बाजूला हालचाल झाली नाही तर मुलाला मेसेज. बाहेरच्या कॅमेऱ्याचा अलर्ट लावताना रस्त्याचा भाग वगळ, नाहीतर रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की पुण्यात मुलाच्या फोनवर घंटी. कार्ड किती मोठं हा हिशोब पण पाठ कर, १०८० पिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर दिवसाला साडेएकवीस जीबी लिहितो, म्हणजे १२८ च्या कार्डात पाच-साडेपाच दिवस. महिनाभराचं रेकॉर्डिंग मिळेल असं बोलून मोकळा होऊ नकोस.

आता तुझे पाच लाख. क्लँप मीटर, इन्सुलेशन टेस्टर, चांगली शिडी, क्रिंपिंगचं सामान, नेटवर्क टेस्टर, सेकंडहँड लॅपटॉप, हे सत्तर-ऐंशी हजारांत बसतं. दुकानात भिंतीवर एक चालता बोर्ड बनव, लाइट, पंखा, बेल आणि एक छोटी प्लास्टिकची टाकी पाण्यासकट, लोकांना टाकी भरून मोटर बंद होताना बघायला फार मजा येते. चाळीस-पन्नास हजारांचा माल, त्यातही मॉड्यूल, फ्लोट आणि कॉन्टॅक्टर, डिजिटल लॉक ऑर्डर आल्यावर आण. बाकीचे पैसे बँकेत राहू दे, पहिले आठ महिने घर त्यावर चालवायचंय. माल गिऱ्हाइकाने ऑनलाइन आणला तर आणू दे, तोंड वाकडं करू नकोस, फक्त लावण्याचे पैसे पूर्ण घे आणि वस्तूची वॉरंटी माझी नाही हे बिलावर लिही. मी दर बोर्डाला ४०० रुपये घेतो, टाकीच्या कामाचे सामान सोडून साडेतीन हजार, आणि वर्षाचा देखभालीचा करार अडीच हजार, दोन व्हिजिट आणि फोनवर कितीही प्रश्न. शंभर घरं झाली की तेच अडीच लाख, आणि हे पैसे कुठलं ॲप बंद पडलं म्हणून बुडत नाहीत, उलट बंद पडलं की तुलाच बोलावतात.

अजून एक, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. अकाउंट घरातल्या माणसाच्याच ईमेलवर उघड, तुझ्या फोनवर नाही. कित्येक मिस्त्री सोय म्हणून स्वतःच्या नंबरवर उघडतात, मग दहा घरांचे कॅमेरे एकाच पोराच्या खिशात. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात काकूंच्या कपाटात, आणि डीबीच्या, म्हणजे मेन स्विचच्या डब्याच्या, दाराच्या आत वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा चिकटव. उद्या तू नसलास तर दुसरा मिस्त्री ते बघून काम करू शकेल. लोक मला म्हणतात, असं केलंत तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. सात वर्षांत दोन गेले, त्यातला एक परत आला.

कंपनीवाल्याला सांग की तीस हजारांचा माल सॅम्पल म्हणून दे, बाकी विकेल तसा घेईन. नाही म्हणाला तर समजून जा.

येत्या रविवारी सुदामा नगरला एका घरी दोन टाक्यांचं काम आहे, पाणी शनिवारी येऊन गेलेलं असेल त्यामुळे हौद भरलेला मिळेल, मोटर चालवून बघता येईल. यायचं असेल तर इथेच सांग. सकाळी साडेसात म्हणजे पोहे खाऊनच ये, त्या घरी दहाच्या आत चहा मिळत नाही, आणि चप्पल नको, बूट घाल, गच्चीवर शेवाळ आहे.